तासगाव तालुक्यातलं एक घर, दोन शाळा आणि वर्षाचे एकोणसत्तर हजार

मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचं होतं. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, घरापासून चालत पाच मिनिटांवर. तासगावात इंग्रजी माध्यमाची, सीबीएसईची खासगी शाळा आहे; तिथे पिवळ्या बसने पाऊण तास लागतो. मुलीची आई माझी मावसबहीण. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळांमधल्या वाचनाच्या कामाशी जोडलेला आहे, म्हणून तिने विचारलं, "दादा, एवढे पैसे घालण्यासारखं आहे का तिथे?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे जे पाहिलं आणि मोजलं, ते घरच्यांच्या संमतीने इथे मांडतो आहे. गावाचं आणि शाळांचं नाव देत नाही.

घर आणि पैसा

मुलीचे वडील तासगावात बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशोब सांभाळतात. पगार महिना २४,०००. बहीण घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला सरासरी ५,००० सुटतात. म्हणजे वर्षाचं खात्रीचं उत्पन्न ३,४८,०००. एकरभर द्राक्षबाग आहे, पण तिचा भरवसा धरता येत नाही. चांगल्या वर्षी औषध-खतं, मजुरी वजा जाता लाखभर हातात येतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की सोसायटीचं पीककर्जही फिटत नाही. घरात आजी-आजोबा आहेत आणि मुलीच्या पाठचा, तीन वर्षांनी लहान भाऊ आहे.

खासगी शाळेने छापील पत्रकात फी दिली होती ३८,०००. सुरुवातीला घरात सगळी चर्चा या आकड्यावरच चालू होती. मी दोघांना वही घेऊन बसवलं आणि आधीपासून तिथे मुलं असलेल्या शेजाऱ्यांना विचारून बाकीचा खर्च लिहायला लावला. बस महिना १,२०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे १२,०००. पुस्तकं-वह्या शाळेतूनच घ्यायच्या, ६,५००. दोन प्रकारचे गणवेश आणि बूट, ४,०००. स्नेहसंमेलन, सहल, प्रकल्पाचं सामान, २,५००. आणि शिकवणी. पहिलीच्या मुलीला शिकवणी कशाला, असं बहिणीला वाटलं होतं. पण गल्लीतली सगळी मुलं संध्याकाळी शिकवणीला जातात, कारण इंग्रजीतला गृहपाठ घरात कुणाला घेता येत नाही. त्याचे वर्षाला ६,०००. बेरीज झाली ६९,०००.

सगळा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर पाचवीपर्यंत एका मुलीचे ४ लाख ५ हजारांच्या आसपास होतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. तो आधार फीपुरता आहे. शिकवणीला कुठलीच समिती नाही.

खरा प्रश्न भावाचा होता. मुलीला जिथे घालू तिथेच मुलाला घालावं लागणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं, आणि ते योग्यच आहे. उलट "मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला गावातली" अशी वाटणी आपल्याकडे सर्रास होते आणि ती मला मान्य नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोघंही शाळेत असतील त्या वर्षी, म्हणजे चौथ्या वर्षापासून, खर्च १,७४,००० च्या घरात जातो. पगार आणि शिवणाचे पैसे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तरी त्या वर्षीच्या खात्रीच्या उत्पन्नाचा हा ४३ टक्के वाटा. हा आकडा वहीत उतरल्यावर मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा उपयोग होईल का, तेही पाहिलं. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. वंचित गटात, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग वगैरेंत, ही उत्पन्नाची अट नाही. हे घर खुल्या प्रवर्गातलं आणि एक लाखाच्या वरचं, त्यामुळे दोन्ही दारं बंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. म्हणून ज्यांना हा मार्ग खुला आहे त्यांनी ऑनलाइन अर्ज जरूर भरावा. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत फीची वजावट मिळते, पण या घराला करच लागत नाही.

बहिणीचं म्हणणं

पैशाचा हिशोब संपल्यावर निर्णय झाला असं मला वाटलं असतं, तर मी बहिणीचं ऐकलंच नाही असं झालं असतं. ती मराठी माध्यमातून बारावी झाली, चांगल्या गुणांनी. पुण्याला नोकरीसाठी गेली आणि मुलाखतीत इंग्रजीत विचारलेला प्रश्न समजूनही उत्तर देता आलं नाही. दोन-तीन ठिकाणी तसंच झालं आणि ती परत आली. "मला सगळं येत होतं दादा, फक्त बोलता येत नव्हतं. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको," एवढंच ती म्हणाली.

याला लोकलाजेस्तव केलेली हौस म्हणता येणार नाही. तिच्या म्हणण्याला आकड्यांचाही आधार आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणातून काढलेला निष्कर्ष असा, की शिक्षण, जात, वय सारखं धरूनही सफाईने इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई अजिबात न येणाऱ्यापेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त असते, आणि थोडंफार येणाऱ्याची १३ टक्क्यांनी. इंग्रजीला बाजारात किंमत आहे. मराठी शाळेचा आग्रह धरणारे माझ्यासारखे लोक हे नाकारतात तेव्हा आई-बापांचा आमच्यावरचा विश्वास उडतो.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की मुलीच्या वयाच्या सहाव्या वर्षी मोजलेले ६९,००० ती इंग्रजी विकत घेऊन देतात का.

दोन्ही शाळा पाहिल्या तेव्हा

जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्गांत मिळून ५७ मुलं. कायद्याच्या हिशोबाने साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. ही या शाळेची सगळ्यात मोठी उणीव. बाई पहिलीला अक्षरं देतात तेव्हा दुसरी पाटीवर गणितं सोडवत असते. शिवाय दोघांपैकी एकाला निवडणुकीचं काम, बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम किंवा पंचायत समितीत बैठक लागली, की दुसऱ्याकडे चारही वर्ग. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तिसरं पद मिळण्याचा विषय पट साठच्या पुढे गेला तरच निघतो, आणि पट वाढत नाही कारण गावातली मुलं बसने तासगावला जातात. ज्यांना परवडतं ते निघून जातात आणि ज्यांना जाता येत नाही त्यांच्या वाट्याला एक शिक्षक कमी येतो. बहिणीच्या निर्णयावर हे ओझं टाकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एका मुलीने सबंध गावाची शाळा सावरावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण हे घडतं, आणि ते लपवून हे प्रकरण लिहिता येणार नाही.

शाळा सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. पुस्तकं, गणवेश मोफत, दुपारी खिचडी. बाईंच्या परवानगीने मी तिसरीच्या मुलांना एकेक करून बोलावलं आणि दुसरीच्या पातळीचा एक परिच्छेद वाचायला दिला. हजर असलेल्या १४ जणांपैकी नऊ जणांनी न अडखळता वाचला आणि त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत दिलं. तिघं अडखळत वाचत होते, दोघांना सुटे शब्दच येत होते. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. एका गावातल्या १४ मुलांची देशाशी तुलना करून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. पण या दोन शिक्षकांच्या हाताखाली मुलं वाचायला शिकतात, एवढं त्यातून दिसलं, आणि आमच्यासाठी तेच महत्त्वाचं होतं. बाईंना विचारलं तेव्हा त्यांची बदली निदान दोन वर्षं तरी होणार नाही असंही कळलं.

खासगी शाळेत आम्हाला डिजिटल फळा, संगणक कक्ष, रंगवलेल्या भिंती दाखवल्या. इमारत खरोखर चांगली, मुलींची स्वच्छतागृहं स्वच्छ, पाण्याची सोय उत्तम. या गोष्टी कमी लेखू नयेत. मुलगी दिवसाचे सात तास जिथे घालवणार तिथलं स्वच्छतागृह हा शिक्षणाचाच भाग आहे. पहिलीच्या एका तुकडीत ४२ मुलं, एक शिक्षिका, मदतनीस नाही. पहिलीला गेल्या वर्षी कोण शिकवत होतं आणि यंदा कोण शिकवणार, असं विचारलं तेव्हा शिक्षिका बदलल्याचं कळलं. मुलांचं वाचन ऐकू देता येईल का, याला नकार मिळाला. सुरक्षेच्या कारणाने असेल. मी त्याचा दोष देत नाही. पण आई-बापाला वर्षाला ६९,००० मोजण्याआधी जी एक गोष्ट पाहायला हवी, ती पाहता आली नाही.

म्हणून गल्लीत त्याच शाळेत तिसरीला असलेल्या दोन मुलांना संध्याकाळी बोलावलं. इंग्रजी परिच्छेद त्यांनी घडाघडा वाचला, उच्चारही छान. त्या परिच्छेदातल्या मुलाचं काय हरवलं होतं, असं मराठीतूनच विचारलं, तर सांगता आलं नाही. मराठी परिच्छेद दोघांनी जोडाक्षरांपाशी थांबत थांबत वाचला. मुलं हुशार होती, चुणचुणीत होती. त्यांना डोळ्यांनी वाचायला शिकवलं होतं, पण वाचलेल्याचा अर्थ कुठल्याच भाषेत नीट लागत नव्हता. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते या संध्याकाळने.

आंध्रातला प्रयोग

खासगी शाळेने मुलं जास्त शिकतात का, हे ठरवणं अवघड असतं, कारण तिथे जाणारी मुलं आधीच बऱ्या घरातली असतात. गुण चांगले आले तर ते शाळेचं श्रेय की घराचं, हे वेगळं काढता येत नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात १८० गावांमध्ये यावर तोडगा काढला. सरकारी शाळेतल्या ज्या कुटुंबांनी अर्ज केले त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेची फी देणारी व्हाउचरं दिली आणि चार वर्षं दोन्ही गटांचा मागोवा घेतला. चिठ्ठीने निवडलेली असल्यामुळे दोन्ही गटांतली घरं सारखीच.

चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखे निघाले. इंग्रजीत खासगी शाळेतली मुलं किंचित पुढे होती, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. स्पष्ट फायदा दिसला तो हिंदीत, कारण बहुतेक सरकारी शाळांत हिंदी शिकवतच नव्हते. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास देऊनही बरोबरी साधली आणि दर मुलामागचा त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता. म्हणजे खासगी शाळा काटकसरीने चालतात हे खरं. सरकारच्या तिजोरीसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण आई-बापाच्या बाजूने पाहिलं तर सरकारी शाळेचा खर्च सरकारने आधीच उचललेला आहे. त्यावर स्वतःचे पैसे घालून भाषा-गणितात जास्त काही हाती येत नाही, असा याचा अर्थ होतो.

या अभ्यासातल्या शाळा खेड्यातल्या, कमी फीच्या होत्या. तासगावची शाळा त्याहून महाग आणि सोयींनी भरलेली आहे. त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मी बहिणीला सांगितलं. तरीही तिने नेमकी गोष्ट पकडली: "म्हणजे इंग्रजी शाळेत घातल्यानं इंग्रजी येतंच असं नाही."

येतं ते कुणाला? माझ्या पाहण्यात ज्या घरात कुणीतरी इंग्रजी वाचतं-बोलतं त्या मुलांना इंग्रजी माध्यम पेलतं, कारण शाळेत अर्धवट कळलेलं घरी पुरं होतं. या घरात तसं कुणी नाही. तिथे मूल नवी भाषा आणि त्या भाषेतून नवा विषय अशी दोन्ही ओझी एकटं उचलतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे ते याच कारणाने. मराठीत वाचायला शिकलेल्या मुलीला इंग्रजी नंतर शिकवता येतं; वाचायलाच न शिकलेल्या मुलीला आठवीत काहीच शिकवणं कठीण होऊन बसतं.

ठरलं ते असं

तासगावातली एक जुनी अनुदानित मराठी शाळाही मधला पर्याय म्हणून पाहिली. फी नाममात्र, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक. पण सहा वर्षांच्या मुलीला एसटीने एकटं पाठवणं शक्य नव्हतं आणि रिक्षा लावली तर बसइतकेच पैसे. ती पाचवीसाठी राखून ठेवली.

मुलीला गावातल्या शाळेत घातलं, पण अटी लिहून. दुसरी संपताना तिने दुसरीच्या पातळीचा परिच्छेद अर्थासह वाचायला हवा आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी करायला हवी. तोवर बाईंची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली, किंवा मुलगी मागे पडली, तर तिसरीला अनुदानित शाळेत, रिक्षाचा खर्च सोसून. शाळा वाईट निघाली तरी तत्त्वासाठी मुलीला तिथेच ठेवायचं, असं मी कधीच कुणाला सांगणार नाही. गावातली शाळा एकशिक्षकी असती, किंवा तिसरीतल्या त्या १४ पैकी तिघांनाच वाचता आलं असतं, तर मी खासगीच्या बाजूने बोललो असतो आणि खर्च कुठून कमी करायचा ते शोधलं असतं.

वाचलेल्या पैशाचं काय, हा भाग मला निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. फी वाचली आणि ती घरखर्चात विरून गेली तर मुलीच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून महिना २,५०० चं पोस्टातलं पाच वर्षांचं आवर्ती खातं काढलं. आजच्या दराने त्याचे पावणेदोन लाखांच्या आसपास होतील, तेही ती सहावीत जाताना. शिवाय सुकन्या समृद्धी खात्यात महिना १,०००. त्यातले पैसे शिक्षणासाठी दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर काढता येतात, म्हणून सगळी रक्कम तिथे अडकवली नाही. वर्षाला ३,००० गोष्टीच्या पुस्तकांना. मेहुण्यांना पुस्तकांचा खर्च जास्त वाटला. त्यावर बहीण ठाम राहिली.

महाराष्ट्रात मुलींना अनुदानित शाळांत बारावीपर्यंत फी नाही. पुढे अकरावी-बारावी विज्ञानाचे क्लास, सांगली-पुण्यातली खोली, मेस, हे खर्च मात्र लाखांत जातात, आणि तेव्हा हात रिकामा असला की मुलीचंच शिक्षण आधी थांबतं. प्राथमिक वर्गात दमछाक करून घेतलेली किती घरं दहावीनंतर मुलीला "जवळचंच कॉलेज बघू" म्हणताना मी पाहिली आहेत. या घरात तसं होऊ नये, हा माझा सगळ्यात मोठा हेतू होता.

आता काय चाललंय

मुलगी दुसरीत आहे. मराठी गोष्टीची पुस्तकं स्वतः वाचते आणि आजीला वाचून दाखवते. गणितात ठीक. बोलण्यातलं इंग्रजी जवळजवळ नाही, आणि शाळेत ते होत नाही हे स्पष्ट आहे. गणित इंग्रजीतून असलं तरी बाई समजावतात मराठीतच. ही उणीव खरी आहे आणि बहीण ती विसरत नाही. तिने स्वतः संध्याकाळी मुलीबरोबर बालभारतीचं इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचायला सुरुवात केली आहे. दुसरीचं इंग्रजी तिला येतं, आणि मुलीच्या निमित्ताने तिचीही जीभ वळायला लागली आहे. चौथीनंतर इंग्रजी संभाषणासाठी कुणी चांगलं शिकवणारं तासगावात मिळतं का, त्याची चौकशी चालू आहे.

बहीण शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे तिचं तिथे ऐकलं जातं. गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले असताना चारही वर्ग बाईंवर पडले, तेव्हा समितीने गावातल्या एका डीएड झालेल्या मुलीला लोकवर्गणीतून मानधन देऊन तेवढे दिवस बोलावलं. गल्लीतल्या दोन घरांनी पुढच्या जूनसाठी शाळेत येऊन विचारपूस केली. एकाने नाव घातलं, दुसऱ्याने बसच पसंत केली.

एप्रिलमध्ये वाचनाची ठरलेली तपासणी आहे. बाईंची बदलीची पात्रताही त्याच सुमारास येते, आणि त्यांच्या जागी कोण येतं यावर तिसरीचा निर्णय अवलंबून राहील.